दोन महिन्यांची उचल

इंग्रजीत शांघाय हे शहराचं नाव क्रियापद म्हणूनही वापरतात. माणसाला दारू पाजून, गुंगी देऊन, धाक दाखवून किंवा थापा मारून जहाजावर चढवायचं आणि त्याच्या मनाविरुद्ध महिनोन्‌महिने राबवायचं, याला एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ‘शांघाय करणं’ म्हणू लागले. चीनकडे निघालेल्या जहाजावर एकदा चढलेला माणूस लवकर परत दिसत नसे, म्हणून हे नाव पडलं असं सहसा सांगितलं जातं. पुढे हा शब्द कुणालाही नको त्या कामात अडकवण्यासाठी सर्रास वापरला जाऊ लागला.

शब्दाबरोबर एक चित्रही लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. गुत्त्यातला लाकडी गल्ला, पेल्यात मिसळलेली अफू, पायाखाली उघडणारा सापळ्याचा दरवाजा आणि खाली वाट बघणारी होडी. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘शांघाय’ केलीची गोष्ट अशीच. त्यानं म्हणे आपल्या वाढदिवसाच्या निमित्तानं एक वाफेची बोट भाड्यानं घेतली, फुकट दारूच्या आमिषानं नव्वद-एक माणसं गोळा केली, गुंगीची दारू पाजली आणि बंदराबाहेर उभ्या असलेल्या जहाजांना विकून टाकली. परत येताना किनाऱ्यावर रिकाम्या हातानं कसं जायचं, तर वाटेत ‘यँकी ब्लेड’ हे जहाज फुटलेलं दिसलं, त्यावरची माणसं बोटीत घेतली आणि कुणाला संशय आला नाही. ही मेजवानी बहुतेक ठिकाणी १८७०च्या दशकातली म्हणून सांगतात. ‘यँकी ब्लेड’ बुडालं १८५४ साली. ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरात तर जुन्या तळघरांना ‘शांघाय टनेल्स’ म्हणून पर्यटकांना फिरवून आणतात, पण त्या भुयारांतून माणसं पळवल्याचा त्या काळातला लेखी पुरावा संशोधकांना सापडलेला नाही.

गुंगी देणं, मारहाण करणं हे प्रकार घडतच नव्हते असं नाही. घडत होते, त्यावर खटले झाले, शेवटी कायदाही झाला. माझा आक्षेप इतकाच, की या गोष्टी इतक्या चवीनं सांगितल्या जातात की खरी यंत्रणा झाकली जाते. त्या किनाऱ्यावर फसलेले बहुसंख्य खलाशी स्वतःच्या पायांनी चालत जहाजावर गेले. त्यांना बांधणारी दोरी कागदाची होती, आणि तिला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: उचल.

आधी मागणी कुठून आली ते बघायला हवं. जानेवारी १८४८मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. १८४९पासून जगभरची जहाजं सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिरू लागली आणि नांगर पडताक्षणी खलाशी, कधी कधी कप्तानसुद्धा, खाणींकडे पळू लागले. शेकडो जहाजं माणसांअभावी तिथेच कुजत पडली. त्यातलं ‘नायँटिक’ किनाऱ्यावर ओढून त्याचं गोदाम केलं, ‘युफेमिया’चा तुरुंग केला. पुढे खाडीत भराव पडला आणि आजच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँका-कचेऱ्यांच्या भागाखाली त्या काळातल्या जहाजांचे सांगाडे गाडलेले आहेत.

सोन्याची लाट ओसरली तरी माणसांचा तुटवडा राहिलाच. शिडाच्या मोठ्या जहाजाला पंचवीस-तीस खलाशी लागत. कॅलिफोर्नियाचा गहू घेऊन दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला जायला चार-पाच महिने लागत. पगार तुटपुंजा, अन्न किडकं, मेटच्या, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याच्या, हातात बुक्की नाहीतर दोरखंड. किनाऱ्यावर मजुरीचं दुसरं काम मिळत असताना या वाटेला कुणी राजीखुशीनं का जाईल? म्हणून कप्तानाला माणसं पुरवणारा मधला माणूस लागे. त्याला ‘क्रिम्प’ म्हणत. दाखवायला तो खलाशांच्या बोर्डिंगचा मालक.

त्याचं काम जहाज धक्क्याला लागण्याआधीच सुरू होई. त्याचे ‘रनर’ हलक्या वल्ह्यांच्या व्हाइटहॉल होड्या घेऊन खाडीत येणाऱ्या जहाजाला गाठत आणि दोराला धरून डेकवर चढत. खिशात व्हिस्कीची बाटली, तोंडात गोड बोलणं. गादी तयार आहे, गरम जेवण आहे, पुढचं जहाज याच्यापेक्षा चांगल्या पगाराचं मिळवून देतो. खलाशी पेटी उचलून त्यांच्याबरोबर उतरे. इथे पहिली गाठ बसे. करार संपण्याआधी जहाज सोडलं की कायद्यानं तो फरारी. फरारी खलाशाचा साठलेला सगळा पगार बुडे. महिनोन्‌महिन्यांची मजुरी मालकाच्या तिजोरीत राही. त्यामुळे रनर डेकवर चढत असताना पुष्कळ कप्तान दुसरीकडे बघत. काही तर बंदर जवळ आलं की मुद्दाम जाच वाढवत, म्हणजे माणूस आपण होऊन पळेल. मालकाचा पगार वाचे आणि क्रिम्पला माणूस मिळे.

आता बोर्डिंगमध्ये खातं उघडलं जाई. खलाशाच्या खिशात दमडी नाही, तेव्हा सगळं उधारीवर: राहणं, जेवण, दारू. वहीत काय लिहिलं जातं ते त्याला वाचता येत नसे, आणि आलं तरी शुद्ध असेल तेव्हा. आठ-दहा दिवसांनी बोर्डिंगवाला सांगे की तुझा हिशोब इतका झाला, आता जहाज धर. मग जहाजावर लागणारं सामान त्याच्याच ओळखीच्या दुकानातून: तेल लावलेला पावसाळी कोट, बूट, घोंगडी, टिनची ताट-वाटी, गवत भरलेली गादी. गादीला खलाशी ‘गाढवाची न्याहारी’ म्हणत. सामानाचा भाव दुकानदार लावेल तो.

हे सगळं फेडायचं कशातून, तर उचलीतून. नव्या जहाजाचा करार करताना खलाशाला सहसा दोन महिन्यांचा पगार आगाऊ मिळे. मिळे म्हणजे त्याच्या नावे लिहिला जाई. तो रोख रकमेत त्याच्या हातात फार क्वचित पडे. त्याऐवजी एक चिठ्ठी मिळे, आणि इंग्लिश जहाजांवरच्या चिठ्ठीवर अशी अट असे की जहाज सुटून ठरावीक दिवस झाले आणि हा माणूस त्यावर गेलेला असेल, तरच पैसे मिळतील. जो माणूस समुद्रावर निघाला आहे, त्याला ती चिठ्ठी वटवायला किनाऱ्यावर थांबता येत नाही. म्हणून ती बोर्डिंगवाल्याच्या हवाली करावी लागे, कापून घेतलेल्या भावानं.

या अटीवर जरा थांबायला हवं, कारण गुंगी, मारहाण आणि सापळ्याचा दरवाजा या सगळ्याचं मूळ इथे आहे. बोर्डिंगवाल्यानं माणसावर खर्च केलेला पैसा माणूस प्रत्यक्ष जहाजावर असेल तरच परत येणार. माणसानं ऐन वेळी नाही म्हटलं, किंवा रात्रीतून सटकला, की सगळी उधारी बुडीत. त्यामुळे शेवटच्या रात्री त्याला इतकी दारू पाजायची की तो हलू नये, किंवा सरळ डोक्यात घालायची आणि होडीत टाकायचं, हा क्रिम्पच्या दृष्टीनं वसुलीचाच भाग होता. शिवाय उचलीच्या वर कप्तान माणशी वेगळी रक्कम देई. तिला ‘ब्लड मनी’ म्हणत. बंदरात माणसं कमी आणि जहाजं जास्त झाली की ती चढे. ती चढली की कधी जहाज न पाहिलेला शिंपी, शेतमजूर, गावाकडून आलेला पोरसवदा मुलगा, कोणीही ‘अनुभवी खलाशी’ म्हणून अंधारात डेकवर टाकला जाई. पोर्टलंडच्या एका क्रिम्पबद्दल सांगतात, की त्यानं घोंगडीत गुंडाळलेला लाकडी पुतळा खलाशी म्हणून खपवला. गोष्ट खरी असो वा खोटी, ती रचता आली याचं कारण डेकवर फक्त डोकी मोजली जात होती.

हिशोब मांडून बघू. समजा पगार महिना २० डॉलर. दोन महिन्यांची उचल ४०. ती सगळी बोर्डिंगवाल्याकडे गेली. लिव्हरपूलपर्यंतची सफर पाच महिन्यांची, म्हणजे एकूण कमाई १००. त्यातून ४० वजा, उरले ६०. वाटेत बूट फाटले, तंबाखू संपली, कोट कुजला, की कप्तानाच्या पेटीतून घ्यायचं. या पेटीला ‘स्लॉप चेस्ट’ म्हणत. भर समुद्रात दुसरं दुकान नसल्यामुळे भाव कप्तानाचा. तिथे २५ गेले असं धरू. हाती ३५ डॉलर, पाच महिन्यांचे. आणि लिव्हरपूलला उतरताना तिथल्या रनरच्या नादानं करार संपण्याआधी उतरला, तर तेही नाहीत.

जहाजावरच्या माणसांना हे गणित पुरतं ठाऊक होतं. फेडायच्या काळाला ते ‘मेलेला घोडा ओढणं’ म्हणत. इंग्लिश जहाजांवर, जिथे उचल सहसा एका महिन्याची असे, पहिला महिना संपला की एक समारंभच होई. कॅनव्हासचा घोडा शिवायचा, त्यात गवत आणि भुसा भरायचा, तो डेकवरून ओढत मिरवायचा, गाणं म्हणत दोरानं शिडाच्या आडव्या काठीच्या टोकाला चढवायचा आणि तिथून दोर कापून समुद्रात सोडायचा. आजपासूनची मेहनत आपली. एवढ्या दिवसांत घाम गाळून स्वतःसाठी काहीच कमावलं नाही, हे तीस माणसं एकत्र येऊन, गाऊन जाहीर करत होती. दोर कापल्यावर डेकवर जो आरडाओरडा होत असेल, त्यात आनंद किती आणि संताप किती याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

पण मग माणूस पुढच्याच बंदरात काम सोडून निघून का जात नसे? कारण तो गुन्हा होता. १७९०पासून अमेरिकेच्या कायद्यात पळालेल्या खलाशाला पकडून, कोठडीत ठेवून, जहाज निघताना परत चढवण्याची तरतूद होती. १८७२ साली नवा कायदा आला. सही सरकारी शिपिंग कमिशनरसमोर व्हावी, माणूस शुद्धीवर असावा, करार त्याला समजावून सांगावा, असं त्यात होतं. हेतू चांगला. पण त्याच कायद्यात जहाज सोडून जाण्यासाठी तीन महिन्यांपर्यंतची कैदही कायम राहिली. इंग्लिश जहाजांवरच्या सह्या त्यांच्या वकिलातीत होत, तिथे हा कायदा लागू नव्हता. बाकी ठिकाणी एकाच्या नावानं दुसऱ्यानं सही ठोकणं अवघड नव्हतं. क्रिम्प मंडळींची नगरपालिकेत आणि पोलिसांत ऊठबस होती. त्यांच्यातले काही कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातही निवडून गेले.

कायदा किती खोल रुतला होता हे ‘अरागो’ जहाजाच्या खटल्यात दिसतं. १८९५ साली रॉबर्टसन आणि त्याच्या तीन सोबत्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत करार केला, पुढे चिलीमधल्या वालपरायसोपर्यंत जाण्याचा. ओरेगनमधल्या अ‍ॅस्टोरिया बंदरात त्यांना जहाज नकोसं झालं आणि ते उतरले. त्यांना पकडलं, जहाज निघेपर्यंत कोठडीत ठेवलं, जबरदस्तीनं परत चढवलं. त्यांनी कामाला हात लावायला नकार दिला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोत परतल्यावर पुन्हा अटक. प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या तेराव्या दुरुस्तीनं १८६५ साली गुलामगिरी आणि सक्तीची चाकरी दोन्ही बंद केल्या होत्या. मग हे काय होतं? जानेवारी १८९७मध्ये न्यायालयानं सांगितलं की खलाशाचा करार पहिल्यापासूनच वेगळा मानला गेला आहे, त्याला ही दुरुस्ती लागू नाही. खलाशी हा आपलं भलंबुरं पुरतं न समजणारा, म्हणून कायद्यानं सांभाळायचा माणूस, असा सूर त्या निकालात आहे. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मत नोंदवलं. गुलामगिरी संपून बत्तीस वर्षं झाली होती.

या निकालानं खलाशांच्या संघटनेला जाग आणली. संघटना १८८५च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर, लाकडाच्या ढिगांवर उभं राहून झालेल्या सभेतून जन्मली होती. तिचा पुढे आधार झालेला अँड्र्यू फ्युरुसेथ हा नॉर्वेत १८५४ साली जन्मलेला, स्वतः खलाशी राहिलेला माणूस. त्याला नेमकं कळलं होतं की बोर्डिंगवाल्यांना शिव्या घालून किंवा गुत्ते बंद करून काही होणार नाही. दोन गोष्टी तोडायच्या: एक, उचल दुसऱ्याच्या नावे वळवण्याची सोय, दोन, काम सोडल्याबद्दल तुरुंग. पहिली आहे तोवर माणूस विकणाऱ्याला पैसे मिळणार आणि दुसरी आहे तोवर विकलेला माणूस परत येणार नाही.

पहिलीवर १८८४ सालीच घाव घातला गेला होता. त्या वर्षीच्या कायद्यानं उचल बंद केली आणि पगाराचा भाग फक्त जवळच्या नातेवाइकांना पाठवता येईल असं ठरवलं. दोन वर्षांत, १८८६ साली, दुरुस्ती आली: नातेवाइकांखेरीज ‘मूळ सावकारा’लाही पगारातून पैसे देता येतील. मूळ सावकार म्हणजे कोण? ज्यानं खलाशाला जेवू घातलं आणि कपडे दिले तो, म्हणजे बोर्डिंगवालाच. एवढ्या दोन शब्दांनी पूर्ण कायदा उलटा फिरला. नंतर १८९५ साली किनारी वाहतुकीपुरता तुरुंग गेला, १८९८ साली आणखी काही प्रवासांपुरता गेला, मारहाणीला बंदी आली आणि सावकाराचा हक्क एका महिन्याच्या पगारावर आला. १९०६ साली माणूस पळवून जहाजावर घालणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. अखेर ४ मार्च १९१५ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सिनेटर ला फॉलेट यांच्या विधेयकावर सही केली आणि तुरुंग व सावकाराची चिठ्ठी दोन्ही कायमचे गेले. तोवर वाफेची जहाजं सगळीकडे झाली होती. त्यांना शिडं हाताळणारी एवढी माणसं लागत नव्हती आणि सुटण्या-येण्याचं वेळापत्रकही ठरलेलं असे. कायद्याचं श्रेय किती आणि इंजिनाचं किती, यावर वाद घालता येईल. १८८६चं कलम मात्र इंजिनानं रद्द झालेलं नाही. त्यासाठी माणसं तीस वर्षं झगडली.

याच १९१५च्या कायद्याची दुसरी बाजू भारतीय वाचकानं विसरू नये. प्रत्येक विभागातल्या किमान ७५ टक्के खलाशांना अधिकाऱ्यांची भाषा समजली पाहिजे, असं एक कलम त्यात होतं. सुरक्षेचं कारण त्याला होतं, पण आशियाई खलाशांना बाहेर ठेवणं हाही उघड हेतू होता. फ्युरुसेथनं आशियाई खलाशांबद्दलचा आपला आकस कधी लपवला नाही. गोऱ्या खलाशाला मोकळं करणाऱ्या माणसाला रत्नागिरीचा खलाशी आपल्याच पंगतीतला वाटला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण रत्नागिरीचा खलाशी अगदी तसाच अडकला होता. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकवर कोकणी मुसलमान, बॉयलरपाशी बहुतेक पंजाबकडचे आगवाले आणि जेवणघरात गोव्याचे कारभारी-वाढपी, अशी वाटणी जवळजवळ ठरून गेली होती. गोऱ्या खलाशाच्या एक तृतीयांश ते एक पंचमांश पगारावर ही माणसं काम करत. भरती साखळीनं होई. कंपनी परवानाधारक दलालाला सांगे, दलाल सारंगाला, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याला, सारंग आपल्या गावची, नात्यातली माणसं गोळा करी. मधे घाट-सारंग नावाचा सावकार. काम नसताना खलाशाला खोली आणि जेवण तो देई, सारंगाला दलालाच्या हातावर ठेवायला पैसे तोच देई, आणि जहाज मिळालं की सही करताना मिळणाऱ्या उचलीवर पहिला हात त्याचा. सारंगानं लाच म्हणून दिलेले पैसे तो खाली तांडेलापासून (त्याचा दुय्यम) भंडाऱ्यापर्यंत (स्वयंपाकी) प्रत्येकाकडून वसूल करी. तक्रार करावी तर पुढच्या सफरीत नाव नाही.

सॅन फ्रान्सिस्को आणि मुंबईत एक मोठा फरक होता. तिकडे माणसं कमी होती, म्हणून कप्तान माणसासाठी पैसे मोजे. इकडे जहाजं कमी आणि माणसं उदंड, म्हणून खलाशी जहाजासाठी पैसे मोजे. पैशाची दिशा उलटी, पण माणूस धक्क्यावर उभा राही तो कर्ज डोक्यावर घेऊनच. १९२० साली जिनोआच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत खलाशांना काम मिळवून देण्यासाठी कुणीही फी घेऊ नये असा करार झाला. त्यानंतर १९२२ साली भारत सरकारनं भरतीची चौकशी करायला समिती नेमली, पण दलाल आणि घाट-सारंग त्यानंतरही बराच काळ टिकले.

या सगळ्यात गोव्याच्या खलाशांनी स्वतःपुरता एक उपाय शोधला होता, तो मला फार मोलाचा वाटतो. धोबीतलाव, माझगाव भागातली त्यांची ‘कूड’. एकेका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेली खोली किंवा मजला. भिंतीशी ओळीनं लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, एका टोकाला देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना आणि नाममात्र भाडं. दोन सफरींच्या मधे महिनोन्‌महिने काम नसताना खलाशी तिथे पथारी टाकू शके. बोर्डिंगवाल्याचा धंदा ज्या उधारीच्या रात्रींवर चालतो, त्या रात्रीच कूड काढून घेई. कायदा करायला तीस वर्षं लागली, कूड चालवायला गावातली पन्नास माणसं पुरली.

उचलीचं हे रूप मराठी माणसाला जमिनीवरही ओळखीचं आहे. बीडकडचं जोडपं एक ‘कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेतं, टनाच्या भावानं ऊस तोडून ती फेडतं, आणि हंगामाच्या शेवटी बाकी अंगावर निघाली तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा त्याच टोळीत जातं. १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानं हेच नेमकं पकडलं आहे. घेतलेल्या पैशापायी दुसरीकडे काम करण्याचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी. साखळदंड असण्याची गरज नाही.

आणि समुद्रावर हे आजही चालू आहे. जीपी रेटिंगचा, म्हणजे साध्या खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स करून सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) हातात आलेली मुलं भरपूर आहेत, पण त्यांना पहिली सफर देणाऱ्या कंपन्या मोजक्या. सॅन फ्रान्सिस्कोचा रनर होडीतून येई, आजचा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. ‘अर्जंट जॉइनिंग’, मोठं जहाज, डॉलरमध्ये पगार. काही लाख रुपये मागतो, निम्मे आधी, निम्मे व्हिसा आल्यावर, आणि बहुतेक रोख. घरचे जमीन गहाण टाकतात किंवा दागिने मोडतात. मग मुलाला भेटीच्या व्हिसावर दुबई किंवा शारजाला पाठवलं जातं, तिथून भलत्याच छोट्या, जुन्या जहाजावर, कधी इराणच्या पाण्यात. पगार पहिला महिना येतो, मग थांबतो. पासपोर्ट आणि सीडीसी कप्तानाकडे. घरी कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात, त्यामुळे मुलगा परत येतो म्हणू शकत नाही. मालकानं वाऱ्यावर सोडलेल्या जहाजांवरच्या खलाशांत २०२४ साली सर्वांत जास्त भारतीय होते.

यातली जवळजवळ प्रत्येक पायरी निघण्याआधी तपासता येते, म्हणून सविस्तर लिहितो. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर परवान्याचा क्रमांक, मुदत आणि पत्ता मिळतो. तो पत्ता आणि ज्या खोलीत पैसे मागितले जात आहेत तो पत्ता एक आहे का ते बघायचं. खऱ्या परवान्याचा क्रमांक छापलेलं खोटं लेटरहेड हा नेहमीचा प्रकार आहे, म्हणून यादीतल्या फोनवर स्वतः फोन करायचा. २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार, जो भारतानं २०१५ साली स्वीकारला, काम मिळवून देण्यासाठी खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. त्यामुळे ‘व्हिसा चार्ज’ हा शब्द कानावर पडला की तिथेच थांबावं. नोकरीचा करार निघण्याआधी हातात हवा आणि त्यात जहाजाचं नाव हवं. विमानतळावर मिळेल म्हणणारा माणूस तो देत नाही.

जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांकही मागून घ्यावा. नाव आणि झेंडा बदलला तरी तो बदलत नाही. क्रमांक खरा की मनचा, हे कागदावर ताडता येतं. पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणायचं आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. उदाहरणादाखल ९०७४७२९: ६३, ०, ३५, १६, २१ आणि ४, बेरीज १३९, शेवटचा आकडा ९. जुळला. तेवढ्यानं जहाज चांगलं ठरत नाही, पण जुळला नाही तर तसं जहाजच नाही. जुळला तर इक्वासिस या मोफत संकेतस्थळावर जहाजाचं वय, मालक, विमा आणि कुठल्या बंदरात ते तपासणीत अडकवलं गेलं होतं, हे सगळं दिसतं. विम्याचा रकाना रिकामा असेल तर जाऊ नये.

विम्यावर एवढा भर देण्याचं कारण आहे. सागरी श्रम कराराच्या, जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार मालकानं दोन महिने पगार थकवला, किंवा अन्नपाणी-इंधन थांबवलं, किंवा घरी पाठवायचा खर्च नाकारला, तर कायद्याच्या भाषेत त्यानं खलाशाला सोडून दिलं असं धरतात, आणि विमा कंपनी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परतण्याचा खर्च देते. विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल अशा जागी इंग्रजीत लावलेलं असलं पाहिजे. चढल्याच्या पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवावा. बंदर सोडल्यावर इंटरनेट मिळेलच असं नाही.

तरीही अडकलेली मुलं जहाज सोडत नाहीत, आणि याचं पहिलं कारण एकशे तीस वर्षांपूर्वीचंच आहे: उतरलो तर थकलेला पगार बुडेल ही भीती. एजंट आणि मालक ही भीती मुद्दाम घालतात. भारताच्या २०१७च्या नौअधिकार कायद्यात, जो १ एप्रिल २०१८पासून लागू आहे, खलाशाच्या पगाराचा बोजा जहाजावरच बसतो आणि अशा बोजांच्या क्रमात त्याला पहिलं स्थान आहे. जहाज विकलं, मालक बदलला, तरी तो ठरावीक मुदतीपर्यंत जहाजाबरोबर जातो. असं जहाज मुंबईच्या हद्दीत आलं तर मुंबई उच्च न्यायालय ते अडकवून ठेवू शकतं आणि लिलाव करून पगार चुकता करू शकतं. खलाशी तेव्हा डेकवर असलाच पाहिजे अशी अट त्यात नाही. मात्र करार, पगाराच्या पावत्या आणि सीडीसीतल्या सफरीच्या नोंदी यांचे फोटो त्याच्याकडे असले पाहिजेत. म्हणून मूळ कागद कप्तानाच्या हाती द्यावे लागले तरी फोटो घरी आधी पोचवावेत, आणि पगार थकल्याच्या दिवसापासून तारखेनिशी लिहून ठेवावं.